लमेटा: काळ्या दगडाखालची जुनी माती, आणि तिच्यात हाड ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: वरोरा तालुक्यात विहीर खणताना वर काळा दगड, त्याखाली लाल-हिरवट माती आणि तिच्यात पांढरे गोल गोटे लागले. गावात कुणी म्हणतं डायनासोरची अंडी, कुणी म्हणतं नुसती चुनखड. जवळच्या पिसदुरा गावाला सापडणारी डायनासोरची हाडं याच थरातली का? तो थर ओळखायचा कसा, आणि खरंच हाड लागलं तर करायचं काय?

गोट्यांचं आधी मिटवू. मुठीएवढे पांढरे गोटे मातीत विखुरलेले आहेत, फोडले की आत एकसारखा पांढरा दगड किंवा मध्ये एखादी भेग दिसते, तर ती चुनखड. अंड्याला कवच असतं. ते दिसत नसेल तर गोटा कितीही गोल असो, त्याला अंडं म्हणता येत नाही. पण चुनखड आहे म्हणून उठून जाऊ नका. काळ्या दगडाखाली लाल-हिरवी माती आणि तिच्यात चुनखड हे वर्णन लमेटा नावाच्या जुन्या थराशी चांगलं जुळतं. किंबहुना चुनखड हीच त्याची सगळ्यात बोलकी खूण आहे.

लमेटा हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरल्या लमेटा घाटावरून पडलं. मेडलिकॉट यांनी १८६० साली ते वापरलं आणि तेच टिकलं. हे थर क्रिटेशियस या डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या अगदी अखेरचे, म्हणजे साधारण ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे. त्यांच्यावर दख्खनचा लाव्हा पसरला आणि त्याने ते झाकून टाकले. लमेटा सलग चादरीसारखा नाही. जबलपूर, सागर, अमरकंटक, गुजरातेतल्या बालासिनोरपासून झाबुआपर्यंतचा पट्टा, सातपुड्याच्या पायथ्याचं सालबर्डी आणि आपल्याकडचं नांद–डोंगरगाव अशा सुट्या खोलगटांत तो साचला. जाडी कुठे दोन-चार मीटर, कुठे काही दशक मीटर. सालबर्डीला महाशिवरात्रीच्या यात्रेला जाणारे हजारो लोक ज्या भागातून चालतात, तिथल्या लमेटातून डायनासोरच्या अंड्यांची नोंद झाली आहे.

महाराष्ट्रात तो फक्त विदर्भातच का, असं विचारलं जातं. काळ्या दगडाची कड विदर्भात येते, तिथे हा दगड पातळ होतो आणि खालचं उघडं पडतं. पश्चिमेकडे तो इतका जाड आहे की खालचं दिसणार कसं? कोयनेजवळ घेतलेल्या खोल भोकात सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा हाच काळा दगड, लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट, मध्ये गाळाचा थर नाहीच. किल्लारीच्या भोकात मात्र ३३८ मीटर बेसाल्टखाली आठेक मीटर गाळाचे थर मिळाले. म्हणजे लाव्ह्याखालची जमीन एकसारखी नव्हती. कुठे उघडा खडक होता, कुठे माती साचली होती.

आता हा थर म्हणजे काय. पुस्तकात ‘लमेटा चुनखडक’ असं वाचलं की समुद्राचा तळ डोळ्यांपुढे येतो, आणि बराच काळ काही अभ्यासक तसंच मानत होते. जबलपूरचा हिरवा वालुकाश्म आणि त्यातली बिळं पाहून तो किनारा असावा असं मांडलं गेलं. पण समुद्री जिवांचे खात्रीचे अवशेष काही हाती लागेनात. १९८७ साली ब्रुकफील्ड आणि साहनी यांनी वेगळं मांडलं: हा चुनखडक समुद्रात साचलेला नाही, तो अर्धशुष्क हवामानात जमिनीतच तयार झालेला आहे. पुढे इतरांनी या थरांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तेव्हाही जुन्या मातीच्याच खुणा मिळाल्या: मुळांच्या वाटा, सुकून पडलेल्या भेगा, चुन्याने वेढलेले वाळूचे कण.

हे समजायला जबलपूरला जायची गरज नाही. तुमच्याच वावरात काळ्या मातीत चार-पाच फूट खाली गेलात की चुनखडीचे खडे लागतात. पावसाचं पाणी वरचा चुना विरघळवून खाली नेतं, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. आधी सुटे खडे होतात, मग ते एकमेकांना चिकटतात, आणि हजारो वर्षं हे चालू राहिलं की सलग पाटा बनतो. लमेटातला बराचसा ‘चुनखडक’ म्हणजे असा मुरलेला पाटा. त्यामुळे तो जिथे आहे तिथे जमीन दीर्घकाळ उघडी होती, नदीने रोज गाळ आणून टाकला नाही, असं वाचता येतं. डायनासोरची घरटी बहुधा याच पाट्यात का मिळतात तेही यातूनच कळतं. अंडी घातली तेव्हा ती मऊ वाळूमाती होती. चुना नंतर मुरला आणि त्याने कवचं जागच्या जागी धरून ठेवली.

विहिरीत हा थर ओळखताना तीन ठिकाणी गफलत होते.

पहिली तांबड्या पट्ट्याची. दोन लाव्ह्यांच्या मधे हातभर, कधी पुरुषभर जाडीची लाल माती असते. वरच्या लाव्ह्याने ती भाजलेली असते. तिच्याखाली पुन्हा काळा दगडच येतो, म्हणून खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. एक सोपी परीक्षा आहे. मूठभर माती बादलीत घोळवून गढूळ पाणी ओतत राहा, तळाशी उरेल ते भिंगाखाली पाहा. काचेसारखे पारदर्शक वाळूचे कण असतील तर ती माती नुसत्या काळ्या दगडाची नाही. बेसाल्टमध्ये असे क्वार्ट्‌झचे कण नसतात. ते जुन्या ग्रॅनाइटातून किंवा वालुकाश्मातून वाहून आलेले असतात, आणि लमेटात ते नेहमी मिळतात.

दुसरी गफलत खालच्या बाजूची. चंद्रपूर भागात लमेटाखाली बऱ्याच ठिकाणी गोंडवनाचे, म्हणजे कोळशाच्या कुळातले थर येतात. त्यांतल्याच कामठी नावाच्या थराचा लाल वालुकाश्म आणि लाल माती दुरून लमेटासारखीच दिसते, पण वयाने कितीतरी जुनी आहे आणि तिच्यात डायनासोर शोधणं व्यर्थ. इथे आम्ल कामाला येतं. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब मातीच्या ढेकळावर टाका. लमेटाची माती सहसा फसफसते, कामठीची सहसा नाही. बाजारातल्या तीव्र आम्लाच्या एका भागाला साधारण तीन भाग पाणी घेतलं की पुरतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवा. थेंब मातीवर टाका, हाडासारख्या दिसणाऱ्या तुकड्यावर कधीच नाही. हाडाच्या पोकळ्यांतला चुना विरघळला की हाडाची भुकटी होते.

तिसरी गफलत इंटरट्रॅपियन थरांची, म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळाची. नागपूरच्या टाकळीचे थर याच जातीचे. त्यांतही शिंपले, मासे, वनस्पती असतात, आणि गुजरातेतल्या अंजारसारख्या ठिकाणी डायनासोरची हाडं आणि कवचंही मिळाली आहेत. (त्यावरून एवढं निश्चित होतं की लाव्हा वाहू लागताच डायनासोर लगेच संपले नाहीत.) फरक जागेचा: वरही काळा दगड आणि खालीही काळा दगड, तर इंटरट्रॅपियन. वर काळा दगड आणि खाली त्याहून जुना वेगळाच खडक, तर लमेटा. डावखुरी गोगलगाय फायसा दोन्हींत मिळते, त्यामुळे तिच्यावरून थर ठरत नाही. तिची ओळख मात्र सोपी आहे: टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड डावीकडे येतं.

नांद–डोंगरगाव भागाला जगाच्या नकाशावर आणलं ते पिसदुरा या छोट्या गावाने. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथले जीवाश्म गोळा केले. इथल्याच शेपटीच्या मणक्यांवरून जीवाश्मतज्ज्ञ लायडेकर यांनी १८७९ साली एका लांब मानेच्या डायनासोरला टायटॅनोसॉरस ब्लँफोर्डी हे नाव दिलं. त्याआधी १८२८ साली ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन यांना जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर दोन मणके मिळाले होते. त्यांवरून १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस झाला.

या दोन नावांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. एकेका सुट्या मणक्यावर जी लक्षणं ‘खास’ वाटली, ती नंतर याच गटातल्या कितीतरी प्राण्यांत सापडली. २००३ साली विल्सन आणि अपचर्च यांनी तपासणी केली आणि ही जुनी नावं टिकत नाहीत असं ठरवलं. बडा शिमलाची गोष्ट आणखी गुंत्याची. तिथे मॅटली यांनी १९१७ नंतर खोदकाम केलं, पण एकाच थरात अनेक प्राण्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली होती. तिथला लमेटासॉरस नावाचा डायनासोर म्हणजे एकाहून जास्त प्राण्यांच्या हाडांची मोट बांधली गेली असावी, असं आज मानतात. याउलट डोंगरगावची टेकडी. तिथे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी १९८४ ते १९८६ मध्ये एकाच प्राण्याची मणके, कंबर, खांदा, पुढच्या पायाची हाडं अशी बरीच हाडं जागेवरून नोंद करत काढली. १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन केलं, आणि आता तो आयसिसॉरस कोलबर्टी म्हणून ओळखला जातो. नावातलं ‘आयसि’ हे त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं. हे नाव टिकलं, कारण कोणतं हाड कुठल्या थरात, कशाशेजारी होतं याची नोंद होती. विहिरीतून निघालेल्या सुट्या हाडाचं मोल खोली लिहून ठेवली की कितीतरी पटीने वाढतं ते याचसाठी.

म्हणून विहीर अजून चालू असेल तर आजपासून एवढं करा: दर हातभर खोलीची माती वेगळ्या ढिगात टाका आणि ढिगावर खोलीची पाटी लावा. सगळा मलबा एका ढिगात गेला की पुढे कुणालाही त्यातून काही सांगता येत नाही. थराचा रंग, जाडी, दगड कुठे संपला आणि माती कुठे सुरू झाली हे पट्टी धरून फोटोत घ्या. मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. जेसीबीने काढलेल्या मोठ्या ढेकळांवर चॉकने बाण काढून वरची बाजू कोणती ते दाखवा.

हाड कसं ओळखायचं, हा खरा अवघड भाग. आकारावर जाऊ नका. मांडीच्या हाडासारखा दिसणारा दगड बहुतेक वेळा दगडच असतो. तुटलेला ताजा भाग पाहायचा, तोही १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून. हाडाला बाहेरून दाट, गुळगुळीत कवचासारखा थर असतो आणि आत जाळी असते, पावाच्या आतल्या भागासारखी, पण दिशा असलेली. ही भोकं एका बाजूला ओढल्यासारखी लांबट दिसतात. पिसदुऱ्याच्या हाडांत त्या भोकांत लाल माती किंवा चकचकीत चुन्याचे स्फटिक भरलेले असतात. रंग पांढुरका, पिवळट, तपकिरी, कधी लालसर, त्यामुळे रंगाचाही आधार नाही. दाट थरातून जाळीकडे जाताना भोकं हळूहळू मोठी होत जातात. हा हळूहळू होणारा बदल दगडात सहसा नसतो, आणि माझ्या मते याच एका खुणेवर सगळ्यात जास्त विसंबावं.

फसवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. एक, मुळांभोवती जमलेली चुनखड. ती बोटासारखी, नळीसारखी असते आणि हुबेहूब बोटांच्या हाडांसारखी दिसते, पण आडवी तोडली तर मध्ये एक भोक आणि त्याभोवती एकात एक वर्तुळं. दोन, अश्मीभूत लाकूड, जे पिसदुऱ्याच्या परिसरातही मिळतं. त्यात तंतू सरळ रेषेत शेवटपर्यंत जातात, आडव्या कापात वाढीची वर्तुळं दिसतात, आणि बाहेरचा दाट व आतला जाळीदार असा भेद नसतो. तीन, गारगोटी आणि चर्ट हा तिच्यासारखाच कठीण दगड, ज्यांच्या कडा काचेसारख्या फुटतात. चार, गुराचं अलीकडचं हाड. त्याची लहानशी कपची चिमट्यात धरून काडी लावा. जळक्या केसांचा वास आला तर हाड ताजं आहे. जीवाश्माला तो वास येत नाही.

जिभेला चिकटतं का पाहण्याची जुनी युक्ती सगळीकडे सांगतात. सच्छिद्र हाड चिकटतं हे खरं, पण शाडू आणि मऊ चुनखडही चिकटते, आणि गारेने भरलेलं हाड मुळीच चिकटत नाही. एकट्या तिच्यावर काही ठरवू नये. चव घेण्याचा हट्टच असेल तर निदान आधी धुऊन घ्या.

पिसदुऱ्याची सगळ्यात मोठी देणगी मात्र हाडं नव्हेत, अश्मविष्ठा, म्हणजे दगड झालेली विष्ठा, आहे. लाल मातीतून पावसाने धुऊन वर आलेल्या, गोलसर-लांबट, एका टोकाला निमुळत्या, पृष्ठभागावर वळ्या किंवा सुकल्याच्या भेगा असलेल्या गुठळ्या. मॅटली यांनी १९३९ साली त्यांचे आकारावरून गट पाडले, आणि त्यांतला सगळ्यात मोठा ‘अ’ गट टायटॅनोसॉर कुळातल्या प्राण्यांचा मानला जातो. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग आणि सहकाऱ्यांनी या गुठळ्यांमधले सिलिकाचे सूक्ष्म कण तपासले. गवताच्या पेशींत असे कण तयार होतात आणि गवत कुजलं तरी ते उरतात. त्यांत गवताचे किमान पाच प्रकार निघाले, भाताच्या कुळाशी नातं सांगणारे धरून. तोवर डायनासोरांच्या काळात गवत जवळपास नव्हतंच असं समजलं जायचं. त्याच सुमारास दुसऱ्या एका अभ्यासात याच गुठळ्यांत झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या बुरशीचे अवशेष मिळाले, म्हणजे हा प्राणी झाडपालाही खात होता.

अशी गुठळी ओळखायची तर एखादी आधीच फुटलेली पाहा. आत बारीक, एकसारखा, मातकट-राखाडी गाभा असतो, त्यात काळसर झाडाचे तुकडे आणि वायूचे बुडबुडे राहिल्यासारख्या पोकळ्या. चुनखडीत अशी बाह्य वळी आणि निमुळतं टोक नसतं. पण एकेकटी गुठळी हातात घेऊन ‘ही अमुक प्राण्याची’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. याच थरात कासवं, मगरी आणि मोठे साप होते. २०११ मध्ये वर्णन झालेला माड्त्सोइया पिसदुरेन्सिस हा साप याच गावच्या नावाचा आहे.

आता अंडी. मातीच्या वर काळ्या दगडात किंवा मुरमात गोल गोळे मिळाले, त्यांच्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटत असले, तर तो बेसाल्टच आहे. भेगांमधून पाणी शिरून दगड कोपऱ्यांकडून कुजत जातो आणि मध्ये गोळा उरतो. महाराष्ट्रात ‘अंडी सापडली’ म्हणून गाजावाजा होतो तेव्हा पहिला संशय याचाच घ्यावा. लाव्हारसातून डायनासोरचं अंडं शाबूत निघणं शक्यच नाही, हे एवढं तरी सगळ्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

खरं अंडं चुनखडकात बहुधा पूर्ण गोळा म्हणून दिसत नाही. कापलेलं दिसतं: सुमारे १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ किंवा त्याचा तुकडा, कडेला गडद, पातळ रेघ. ती रेघ म्हणजे कवच, साधारण एक ते तीन मिलिमीटर जाड. सुट्या तुकड्याची बाहेरची बाजू मोहरीएवढ्या किंवा त्याहून बारीक उंचवट्यांनी भरलेली असते, बोट फिरवलं तर खरखरीत लागते. तुटलेल्या कडेवर भिंग धरलं की आतल्या बाजूपासून बाहेरकडे उघडत जाणारे पंखे दिसतात, शेजारी शेजारी लावलेल्या हातपंख्यांसारखे. हे पंखे दिसले की शंका संपली. चुनखडीचा पापुद्रा, शिंपला किंवा स्फटिकांची साल यांत ते नसतात.

एकच वर्तुळ पाहून थांबू नका, आजूबाजूला चार-पाच हात पाहा. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाग आणि कुक्षीच्या दरम्यान ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, २०२३ साली त्यांचं वर्णन छापून आलं. एकेका घरट्यात एकापासून वीसपर्यंत अंडी होती. त्याच भागातल्या पाडल्या गावात काही घरांत असे गोल दगड ‘काकर भैरव’ म्हणून शेताच्या रक्षणासाठी पिढ्यानपिढ्या पुजले जात होते. पूजा करणाऱ्यांनी ते जपून ठेवले, ही गोष्ट शास्त्राच्या दृष्टीनेही काही वाईट झाली नाही. गुजरातेतल्या ढोली डुंगरीला तर घरट्यातच साडेतीन मीटरचा साप, सानाजेह इंडिकस, वेटोळं घातलेला मिळाला, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. १९८७ मध्ये धनंजय मोहबे यांनी त्या दगडाचं वर्णन छापलं तेव्हा सगळी हाडं पिल्लाची समजली गेली होती. त्यांत साप आहे हे पुढे उमगलं आणि २०१० मध्ये त्याचं वर्णन झालं. घरट्याचा दगड अखंड ठेवला होता म्हणूनच हे जमलं.

त्यामुळे जागेवर रोवलेलं हाड किंवा घरटं दिसलं तर उपसू नका. विदर्भातली ही माती फुगणारी आहे. पावसात फुगते, उन्हात आवळते, आणि उघड्यावर आलेलं हाड एका पावसाळ्यात तुकडे तुकडे होतं. मग तोवर काय करायचं? झाकायचं. वर सुती कापड किंवा गोणपाट, त्यावर चाळलेली वाळू, आणि पाणी वळवायला बाजूने चर. प्लास्टिक थेट हाडावर टाकू नका, खाली दमट राहून क्षार वर येतात आणि पृष्ठभाग सुटतो. सुतारकामाचा पांढरा डिंक ओतून हाड ‘पक्कं’ करण्याची घाई तर मुळीच करू नका. तो वरच्या वर कातडीसारखा बसतो, पिवळा पडतो, आणि त्याच्यासकट हाडाचा पापुद्रा निघून येतो.

जाणकार मंडळी येतात तेव्हा काय करतात ते माहीत असावं, म्हणजे त्यांचं काम पाहून दचकायला होणार नाही. पूर्ण सुकलेल्या हाडावर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे हाड घट्ट करणारं राळेसारखं द्रव्य, साधारण ५ टक्के, कुंचल्याने पाजतात. हाड ओलं असेल तर ते पांढरट पडून वरच बसतं, म्हणून घाई चालत नाही. मग हाडाभोवती माती कोरून ते भूछत्रासारखं दांड्यावर उभं करतात, वर ओल्या कागदाचे तीन-चार थर लावतात, आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. कागदाचा थर विसरला तर प्लास्टर थेट हाडाला धरतं आणि पुढे प्रयोगशाळेत ते सोडवताना महिना जातो. दांडा खालून पोखरून अख्खा गठ्ठा एका दमात उलटतात. सगळ्यात जास्त नासधूस या उलटण्याच्या क्षणी होते, कारण खालची माती निसटली की तिच्याबरोबर हाडही जातं.

तुमच्या विहिरीच्या बाबतीत मात्र मला हाडापेक्षा मातीतच जास्त रस आहे. लमेटाच्या हिरव्या-राखाडी मातीत माशांचे खवले-दात, ऑस्ट्राकोड या सूक्ष्म जलचरांची मसुरीहूनही लहान शिंपली, कॅरा शेवाळाची आवळ्यासारख्या रेघांची बीजकोशं मिळतात, आणि हे सगळं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जवळच्या कॉलेजात भूशास्त्र विभाग असेल तर हे काम विद्यार्थ्यांना देण्यासारखं आहे. पाच किलो माती घ्या. फोडून सुपारीएवढे तुकडे करा आणि मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवस पूर्ण वाळवा. त्यावर रॉकेल ओतून रात्रभर ठेवा. रॉकेल गाळून परत काढा आणि लगेच गरम पाणी ओता. मातीच्या भेगांतलं रॉकेल पाण्याने बाहेर लोटलं जातं आणि ढेकूळ आपोआप चिखल होतो. हे फसतं ते नेहमी एकाच कारणाने: माती पुरती वाळलेली नसते, म्हणून रॉकेल आत शिरतच नाही. चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवा, हाताने चोळू नका. उरलेला चाळ सावलीत वाळवून कुंचल्याने भिंगाखाली निवडा. पाच किलोतून चमचाभर चाळ उरला आणि त्यात दोन-तीन दातच मिळाले तरी ते काम वाया गेलं असं समजू नये.

चुन्याने घट्ट झालेल्या ढेकळाला रॉकेलचा उपयोग नाही. तिथे ५ ते १० टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लागतं. चुना विरघळतो आणि हाडाचं फॉस्फेट बरंचसं तगून राहतं. आम्लात जितका वेळ ठेवलं त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट वेळ साध्या पाण्यात ठेवा. धुणं अर्धवट राहिलं तर आत उरलेल्या क्षाराचे स्फटिक वाळताना वाढतात आणि दात उकलून जातो.

कुणाला कळवायचं? नागपुरात सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, आणि नागपूर विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही आहे. पत्रासोबत वर सांगितलेले फोटो, खोली, अक्षांश-रेखांश आणि प्रत्येक ढिगातला मूठभर नमुना वेगळ्या पिशवीत द्या. जमीन तुमची असल्याने तिथे कुणी यायचं ते तुमच्या परवानगीनेच. जीवाश्म आणि भूवारसा स्थळांसाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. विकत मागायला येणाऱ्याला मात्र सरळ वाटेला लावा. एकदा तुकडा गावाबाहेर गेला की तो कुठल्या विहिरीतला, किती हातावरचा, हे सांगणारं कुणी उरत नाही.

आणि ते पांढरे गोटे. दोन-चार फोडून त्यांचा ताजा भाग भिंगाखाली पाहाच. चुनखडीच्या पोटात कधीकधी एखादा कवचाचा तुकडा अडकलेला असतो, कारण चुना जमायला काहीतरी बी लागतं आणि जुनं कवच त्याला आयतं मिळतं.